‘गोरं करणारी’ ट्यूब आली कुठून?

काळ्या डागांवरची तिहेरी क्रीम मूळची १९७५ ची. अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र केलं. हेच क्लिगमन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर प्रयोग करायचे, हेही ऐकून ठेवा.

औषध होतं काही आठवड्यांचं. आपण त्याची रोजची फेअरनेस क्रीम केली. स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, म्हणून २०१८ मध्ये सरकारनं अशा मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली. ट्रेटिनॉइन रात्रीच, वाटाण्याएवढंच, गरोदरपणी नाहीच. दिवसा ऊन टाळायचं. भामरागडच्या मे महिन्यात? बोलायला सोपं!

आणि फिकट, बधिर चट्टा असेल तर ट्यूब लावूच नका. कुष्ठरोग असू शकतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.