टिळकांचे भजन आणि यंत्राचा ठेका

आमची बारामती मोरोपंतांची. त्यांच्या आर्या गावोगाव गेल्या त्या कीर्तनकारांच्या मुखाने. हा अभिमान उराशी धरून गेल्या नाताळात मी इंदापुरास एका ख्रिस्ती स्नेह्यांकडे गेलो. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे भजन चालले होते; साथीला मात्र विजेचे वाद्य, आणि ठेकाही त्यातल्या यंत्राचा! मला राग आला.

पण परकेपणा हा दोष म्हणावा, तर आपली पेटी तरी कुठली? १८४२ साली पॅरिसच्या देबँने तिचे पेटंट घेतले. आकाशवाणीने तिला १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेरच ठेवले होते. आज ती भजनाची सोयरी आहे.

दोष निराळाच होता. गाताना घरच्या आजींचा श्वास तुटला. मृदंगवाला थांबला असता. यंत्र पुढे निघून गेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ मांडला, तो बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही शेजारी बसवण्यासाठी. मागे राहिलेल्यासाठी थांबणे हेच त्यातले मर्म. आजच्या वेगवान समाजाला नेमके तेच जमत नाही.

इतक्यात नातवाने कळ बंद केली आणि टाळी धरली. आजी पुन्हा गाऊ लागल्या.