अडकित्ता, साचा आणि थ्री नॉट थ्री



विषय जरा आडवळणाचा आहे म्हणून आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे बंदूक नाही, लायसन्स नाही, आणि शिकारीची आवड तर मुळीच नाही. मेकॅनिकलची डिग्री घेतली, पोटापाण्याला सॉफ्टवेअर लागलं, पण जुनं लोखंड दिसलं की पाय थबकतात ती खोड काही गेली नाही. त्या खोडीपायी मागच्या हिवाळ्यात (म्हणजे इथला जून) एक काम अंगावर आलं, आणि त्यातून थोडा इतिहास हाती लागला. तो तुमच्यापुढे ठेवतो.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. शेजारी एक आजी आहेत. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानं हाक मारतो, पण मनात त्या आजीच. त्यांचे यजमान फुट्सक्रेच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत फिटर होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. रायफली तेव्हाच लायसन्सवाल्या डीलरकडे जमा झाल्या, पण गराजमधलं बाकीचं सामान तसंच पडून होतं. एक गृहस्थ येऊन सगळ्याचे मिळून दीडशे डॉलर देतो म्हणाले. आजींनी मला विचारलं, "तू इंजिनिअर ना? हे बरोबर आहे का?"

सामान होतं काडतुसं घरच्या घरी पुन्हा भरण्याचं. इथे त्याला रीलोडिंग म्हणतात.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. (काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, जसा पिस्तूलही आला.) काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्रायमर म्हणजे टिकली, आतली दारू आणि पुढची गोळी. बार उडाला की टिकली, दारू, गोळी संपतात. पुंगळी उरते, आणि चौघांत सहसा महाग तीच. मग ती फेकायची कशाला? पण उडालेली पुंगळी थोडी फुगलेली असते, ती दाबून मूळ मापावर आणावी लागते, जुनी टिकली काढून नवी बसवावी लागते. या दाबादाबीसाठी जी हत्यारं निघाली त्यांचाच हा पसारा.

पसाऱ्यातली सर्वांत जुनी वस्तू हुबेहूब अडकित्ता. तशाच दोन दांड्या, एका टोकाला बिजागरी. अमेरिकन लोकसुद्धा तिला 'नटक्रॅकर' म्हणतात, म्हणजे तुलना सगळ्यांना एकच सुचते. जॉन बार्लो नावाच्या गृहस्थानं १८८४ साली कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवनमध्ये आयडियल मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली आणि हे हातातले चिमटे विकायला सुरुवात केली. काही चिमट्यांच्या टोकालाच शिशाची गोळी ओतायचा साचा असे. कल्पना भारी, पण दांड्या लोखंडी! तापलेलं शिसं ओतलं की उष्णता सरळ हातात. कारखान्यापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसाला मात्र ते चटके परवडत. खिशात मावणाऱ्या एका चिमट्यावर त्याचं वर्षभराचं काम भागायचं.

ऑस्ट्रेलियात तर अंतर हाच मोठा प्रश्न. दुकान दोन दिवसांच्या वाटेवर, सशांनी शेत पोखरलेलं, कांगारू कुंपण मोडून आत आलेले. त्यामुळे इथल्या स्टेशनांवर (म्हणजे हजारो एकरांच्या पशुपालन-शेतांवर) हे चिमटे पोचले यात नवल नाही.

आपल्याकडे या हत्यारांचा चुलतभाऊ आला तो शिकारीच्या शौकापायी. शॉटगनच्या कागदी काडतुसाचं तोंड मुडपून बंद करायचं एक छोटं यंत्र असे, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं आणि हँडल फिरवायचं. शेफील्डच्या जेम्स डिक्सन आणि हॉक्सली या कंपन्या ती बनवत. पुण्याच्या जुन्या बाजारात कॉलेजात असताना मी असलं एक पाहिलं होतं, आणि शेवयांचं यंत्र समजून पुढे गेलो होतो. आता हळहळतो. :-)

असो. आता किमतीकडे येतो, कारण आजींचा प्रश्न तो होता.

मी पहिली चूक इंजिनिअरसारखीच केली. सामानात ओतीव लोखंडाचा एक दणकट प्रेस होता, सिम्प्लेक्स नावाचा, ऑस्ट्रेलियातच घडलेला. सर्वांत मोठा, सर्वांत जड, म्हणून सर्वांत महाग असं मी धरून चाललो. पण असे प्रेस सहसा मोडत नाहीत, त्यामुळे बाजारात जुने पुष्कळ फिरत असतात. एखादा कामाला उत्तम असतो, म्हणून दुर्मिळ असतो असं नाही. प्रेसच्या माथ्यावर जिथे डाय बसते तिथले आटे पाहायचे : सात अष्टमांश इंच व्यास, इंचाला चौदा आटे. दुसऱ्या महायुद्धानंतर हेच माप बहुतेक सगळ्यांनी उचललं. कॅलिफोर्नियातली १९४३ साली सुरू झालेली आरसीबीएस असो की आणखी कोणी, डाय एकमेकांच्या प्रेसमध्ये बसते. (सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायला नको की एक स्टँडर्ड ठरलं की बाजार कसा वाढतो.) आटे या मापाचे असतील तर प्रेस वापरणाऱ्याच्या कामाचा, नसतील तर फक्त संग्राहकाच्या.

खरा माल होता एका चपट्या डब्यात. गंजू नये म्हणून तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन डाय, वर कोरलेलं '३०३-२५'. मला वाटलं दोन वेगळी मापं असतील. क्लबातल्या एका जाणत्यानं फोटो पाहून सांगितलं ते ऐकून मी चाटच पडलो.

.३०३ म्हणजे आपली थ्री नॉट थ्री, जी पुढे कित्येक वर्षं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दिसायची. महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात या ली-एनफील्ड रायफली स्वस्तात मिळू लागल्या. पण न्यू साउथ वेल्स राज्यानं लष्करी मापाची हत्यारं सामान्य नागरिकांना ठेवण्यावर कडक बंधनं घातली. मग इथल्या गनस्मिथांनी पळवाट काढली. रायफल तीच, पुंगळी तीच, फक्त पुंगळीची मान दाबून बारीक केली आणि .२५ ची गोळी बसवली, नळीही त्या मापाची. झालं, हे लष्करी माप नाही! असं .३०३/२५ जन्माला आलं. पुढे कारखान्यांनीही ती काडतुसं काढली आणि कालांतरानं बंद केली. रायफली मात्र शेताशेतांवर उरल्या. आज तसली रायफल असणाऱ्याला चपट्या डब्यातल्या त्या दोन डाय प्रेसपेक्षा मोलाच्या, कारण प्रेस कुणाचाही चालतो, या डाय दुसऱ्या कशानं भागत नाहीत.

आणि गंमत बघा, इंग्रजांनी हिंदुस्थानात हेच केलं होतं. .३०३ प्रजेला बंद. म्हणून साहेबाच्या आणि जमीनदाराच्या शिकारी रायफली .३१५ मापाच्या झाल्या. स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी आपल्या सरकारी ऑर्डनन्स कारखान्यांनी .३१५ ची रायफल बनवणं चालूच ठेवलं. बंदी घालणारे गेले तरी बंदीतून निघालेलं माप उरतं.

आकड्यांचा आणखी एक घोळ सांगतो, कारण यात नवखे हमखास फसतात. आजींच्या डब्यात '३१०' लिहिलेल्या दोन वस्तू होत्या आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. एक, लायमन कंपनीचा '३१० टूल'. लायमननं १९२५ साली आयडियल विकत घेतली आणि अडकित्त्याची ती परंपरा पुढे चालवली. इथे ३१० हा नुसता मॉडेल नंबर. दुसरा, .३१० कॅडेट काडतुसाच्या गोळीचा साचा. १९११ साली ऑस्ट्रेलियात मुलांना सक्तीचं लष्करी शिक्षण सुरू झालं. त्या पोरांसाठी इंग्लंडच्या बीएसए आणि ग्रीनर या कंपन्यांकडून छोट्या मार्टिनी रायफली मागवल्या होत्या, त्यांचं हे माप. पुढे त्या रायफली जनतेला विकल्या गेल्या. .३१० ची मूळ गोळी विचित्र आहे. तिचं पोट पुंगळीच्या बाहेरच्या व्यासाएवढं आणि फक्त टाच बारीक होऊन आत शिरते. साधी ३० मापाची गोळी त्याला चालत नाही. म्हणजे पुन्हा तेच, साचा नसेल तर रायफल भिंतीवरची शोभा. साच्याचे दोन्ही अर्धे एकमेकांवर घट्ट बसतात का, आत गंजाचे खड्डे आहेत का, एवढं पाहायचं. बाहेरून कितीही काळाकुट्ट असला तरी बिघडत नाही.

बाहेरच्या काळेपणावरून आता माझा गुन्हा कबूल करतो.

त्या जुन्या अडकित्त्यावर काहीतरी अक्षरं होती, दिसत नव्हती. मी उत्साहानं ड्रिलला तारेचा ब्रश लावला आणि दहा मिनिटांत लखलखीत केला. अक्षरं दिसली, 'आयडियल, न्यू हेवन'. म्हणजे १९२५ च्या आधीचा. लायमनकडे गेल्यानंतरच्या मालावर 'मिडलफील्ड' येतं, हा वय ओळखायचा सोपा मार्ग. पण ते दिसेपर्यंत मी वरचा निकेलचा उरलासुरला मुलामा, शंभर वर्षांचा रंग आणि अक्षरांच्या कडा, सगळं घासून टाकलं होतं. क्लबातल्या त्या जाणत्याला फोटो पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "घासायच्या आधी फोटो काढला होतास का?" नव्हता. मऊ फडक्यावर तेलाचे दोन थेंब पुरले असते, तिरका उजेड टाकला असता तरी अक्षरं वाचता आली असती. विश्वासानं माझ्या हातात दिलेली वस्तू मी अर्ध्या किमतीची करून ठेवली, आणि ते आजींना सांगायला मला तीन दिवस लागले.

एक गोष्ट मात्र आम्ही नीट केली. शेल्फवर दारूचे जुने डबे आणि टिकल्यांच्या पेट्या होत्या. त्यांना हात लावला नाही, डीलरला बोलावून त्याच्या ताब्यात दिलं. जुनी दारू सडते, आंबूस वास येतो, तांबूस भुकटी सुटते, आणि मग ती भरवशाची राहत नाही. शिवाय २८ एप्रिल १९९६ ला टास्मानियातल्या पोर्ट आर्थरला एका माणसानं ३५ जणांचा जीव घेतला. त्यानंतर या देशानं बंदुकांचे कायदे आवळले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारनं विकत घेऊन नष्ट केल्या. लोखंडी हत्यारं एक वेळ ठीक, पण दारूगोळा लायसन्सशिवाय घरात ठेवणं हा गुन्हा. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत असतात, तेव्हा गराज सेलमध्ये असं काही दिसलं तर आधी आपल्या राज्याच्या पोलिसांची साइट पाहा.

आता शेवटची वस्तू. तंबाखूच्या एका डबीत विसेक रिकाम्या पुंगळ्या होत्या. बहुतेकांच्या बुडावर 'एमएफ', म्हणजे फुट्सक्रे. ज्या कारखान्यात आजोबांची हयात गेली तो १९९० च्या दशकात बंद झाला आणि तिथे आता एजवॉटर नावाची वसाहत आहे. आपली बरीच मंडळी तिथे घरं पाहायला जातात, नदीकाठचं जॅक्स मॅगझिन हे निळ्या दगडाचं दारूकोठार तेवढं शिल्लक आहे. एका पुंगळीवर मात्र मध्ये बाणाची खूण आणि दोन बाजूंना 'के' आणि 'एफ'. खाली ४१.

के एफ म्हणजे खडकी, मंडळी. किर्की फॅक्टरी, १८६९ साली सुरू झालेली. माझे आजोबा १९४० पासून तिथे होते. १९४१ साली टोब्रुकला आणि सीरियात, पुढच्या वर्षी मलायात, ऑस्ट्रेलियन आणि हिंदी फौजा एकाच बाजूनं लढत होत्या आणि दोघांचंही काडतूस एकच.

पुंगळीत टॉर्च मारला तर बुडाशी दोन बारीक भोकं दिसली. ही बर्डन पद्धत. एकच मोठं भोक असेल तर बॉक्सर पद्धत, त्यात सुई घालून टिकली सहज बाहेर ढकलता येते. बर्डनमध्ये ते जमत नाही, टिकली आकड्यानं उपसावी लागते. यातला विनोद असा की बर्डन अमेरिकन होता आणि बॉक्सर इंग्रज, पण इंग्रजी फौजेनं आपल्या .३०३ ला बर्डन घेतला आणि अमेरिकेनं बॉक्सर. म्हणूनच लष्करी .३०३ ची पुंगळी घरी भरणाऱ्यांना नकोशी. आजोबांकडे मात्र आरसीबीएसचा तो टिकल्या उपसायचा आकडाही होता. त्याचेही चांगले पैसे आले, कारण ज्याला लागतो त्याला दुसरं काही चालत नाही.

सामान क्लबातर्फे सुटं सुटं विकलं. सगळं एका खोक्यात घालून विकणं म्हणजे डाय प्रेसच्या भावात देणं. दीडशेच्या कितीतरी पट झाले, आकडा आजींचा आहे म्हणून लिहीत नाही.

खडकीची पुंगळी त्यांनी मला देऊ केली. डीलरला विचारून घेतली, पण पुण्याला नेण्याचा विचार सोडून दिला. तुम्हीही असलं काही बॅगेत घालून विमानतळावर जाऊ नका. फोटो बाबांना पाठवला. ते ताबडतोब चष्मा शोधायला उठले, आणि मग म्हणाले, "बाण जरा तिरपा पडलाय."

अडकित्ता मी विकत घेतला. आजी नको नको म्हणत होत्या, पण न घासलेल्याची जी किंमत आली असती ती दिली. तो आता माझ्या टेबलावर असतो. सुपारी कातरून बघायचा मोह फार होतो, पण शंभर वर्षांचं शिसं लागलंय त्याला.