चोक-स्टार्टर ते एलईडी पट्टी

ताबा मिळाला तेव्हा आपल्या जिन्यात साठ वॅटचे पिवळे बल्ब होते आणि घरोघरी ट्यूब, चोक न् फडफडणारा स्टार्टर. मधे सीएफएल येऊन गेले. २०१५ साली उजाला योजना आली, एलईडी बल्ब खिशाला परवडू लागले. तसा लाल एलईडी १९६२ पासूनच होता. पण पांढऱ्या उजेडासाठी निळा लागतो, आणि तो पुरेसा प्रखर व्हायला १९९०चं दशक उजाडलं. अकासाकी, अमानो, नाकामुरा यांना त्याबद्दल २०१४चं नोबेल मिळालं.

आता फॉल्स सीलिंगमध्ये पट्ट्या आल्या, आणि खरा घोळ इथेच आहे. बल्ब थेट २३० व्होल्टवर चालायचा. बहुतेक पट्ट्यांना १२ व्होल्टच लागतात. मीटरला १४.४ वॅटची पाच मीटर पट्टी म्हणजे ७२ वॅट, म्हणजे चक्क ६ अँपिअर! तेवढ्याच वॅटच्या बल्बला ०.३ अँपिअर पुरायचा. म्हणून बारीक वायर तापते, पट्टीचं शेवटचं टोक मंद पडतं. दोन्ही टोकांना सप्लाय द्या. ॲडॉप्टर नेमका ७२चा नको, ९०-१०० वॅटचा घ्या. तो पीओपीत कोंडू नका. हवा लागेल, हात पोचेल असा ठेवा. वायरमन ‘चालतंय की’ म्हणाला, तरीही.