दिव्यांगत्व प्रमाणपत्राविरुद्ध अपील : जबलपूरमध्ये सुनावणीला जाताना

वैद्यकीय मंडळाने तुमचा अर्ज नाकारला असेल किंवा टक्केवारी कमी लावली असेल, तर दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 59 नुसार तुम्ही अपील करू शकता. बहुतेक योजनांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागते. त्यामुळे 38 आणि 40 मधला फरक कागदावर दोन टक्क्यांचा असला, तरी घरात तो दरमहाच्या पेन्शनचा असतो.

तक्रार नेमकी कशाबद्दल आहे?

टक्केवारी किंवा नकार मान्य नसेल, तरच अपील करावे. प्रमाणपत्र बरोबर आहे, पण समग्र आयडी, आधार किंवा बँक खात्यातील चुकीमुळे पेन्शन अडली असेल, तर शहरात नगर निगमाकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे जावे. तिथे काम झाले नाही, तर कलेक्टर कार्यालयातील मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज द्यावा किंवा 181 वर तक्रार नोंदवावी. जनसुनवाईत टक्केवारी बदलून मिळत नाही.

अपील कसे करावे?

नकार दिला असेल, तर त्याची कारणे लेखी मागा. अपिलाची मुदत आणि पद्धत राज्याचे नियम ठरवतात. म्हणून कागद हातात पडताच, त्याच आठवड्यात, सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालयात (व्हिक्टोरिया) अपील कोणाकडे आणि कधीपर्यंत द्यायचे ते विचारा. अर्ज दिल्यावर तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या.

अर्जात 'अन्याय झाला' एवढेच लिहू नका. काय तपासायचे राहिले, ते लिहा. उदाहरणार्थ, पायाचे 30 टक्के धरले, पण कमी ऐकू येण्याची तपासणीच झाली नाही. दोन दिव्यांगत्वांची सरळ बेरीज होत नाही, ती ठरलेल्या सूत्राने एकत्र करतात. 30 आणि 20 टक्के मिळून 50 नव्हे, तर सुमारे 43 होतात. पण 40 ची अट तेवढ्यानेही पूर्ण होते.

सोबत काय न्यावे?

- मूळ प्रमाणपत्र किंवा नकाराचे पत्र, आणि अपिलाची पोच
- आधार, समग्र आयडी, फोटो
- जुने-नवे तपासणी अहवाल, एक्स-रे, ऑडिओग्राम, डिस्चार्ज कार्ड
- सर्व कागदांच्या झेरॉक्सचा एक संच (मूळ कागद स्वतःजवळच ठेवा)

सुनावणीच्या दिवशी काय होते?

ही कोर्टातली सुनावणी नसते. वकील आणावाच लागतो असे नाही. कागद पाहिले जातात, प्रश्न विचारले जातात आणि गरज वाटल्यास पुन्हा तपासणी होते. रोज कोणते काम जमत नाही, कशाला दुसऱ्याचा हात लागतो, ते जसे आहे तसे सांगा. वाढवून सांगू नका, आणि संकोचाने लपवूही नका. कुबडी, चष्मा, श्रवणयंत्र रोज वापरत असाल, तर घेऊन जा.

कामकाज हिंदीत चालते. घरातील आजी-आजोबांना मराठीतच नीट सांगता येत असेल, तर दोन्ही भाषा येणारी व्यक्ती सोबत न्या. सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा व्हीलचेअर लागणार असेल, तर आधीच लेखी कळवा.

निर्णयानंतर

टक्केवारी वाढू शकते, तीच राहू शकते किंवा कमीही होऊ शकते. हे लक्षात घेऊनच अपील करा. निर्णयाची प्रत मागून घ्या. टक्केवारी वाढली, तर नवे प्रमाणपत्र पेन्शनच्या नोंदीला जोडून घ्या. ते आपोआप होईल असे धरू नका.

निर्णय मान्य नसेल, तर उच्च न्यायालयात याचिका करता येते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरलाच आहे. दिव्यांग व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा किंवा 15100 वर फोन करा.