खालिद जमील : मधल्या फळीतून भारताच्या प्रशिक्षकपदापर्यंत

मुंबईला कामानिमित्त मंत्रालयाच्या बाजूला गेलेल्या सुरतकरांनी कूपरेजचे फुटबॉल मैदान नक्की पाहिले असेल. शिवाजी पार्क किंवा वानखेडेसारखे त्याचे नाव घरोघरी पोहोचलेले नाही. भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे प्रशिक्षक खालिद जमील यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग मात्र या मैदानाच्या आसपास घडला. आपल्या मुलांना क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळातली माणसेही माहीत असावीत, म्हणून ही ओळख.

जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये, एका भारतीय कुटुंबात झाला. फुटबॉलचे पहिले धडे त्यांनी तिथेच गिरवले. आखाती युद्धाच्या काळात कुटुंब भारतात परतले आणि मुंबई हेच त्यांचे घर झाले. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि पुन्हा महिंद्र युनायटेड असा त्यांचा खेळाडू म्हणून प्रवास. ते मधल्या फळीत खेळत आणि भारतीय संघातही त्यांची निवड झाली होती. कोलकात्याच्या बड्या क्लबांची बोलावणी आली, पण त्यांचे प्रायोजक मद्य कंपन्या असल्याने जमील यांनी ती नाकारली, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. पुढे दुखापतींनी पाठ सोडली नाही. २००७ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या मुंबई एफसीत ते दाखल झाले खरे, पण खेळण्याचे दिवस सरत आले होते.

२००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याच मुंबई एफसीचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले. पुढची सात वर्षे त्यांनी जे केले त्याचे कौतुक फारसे झाले नाही, कारण त्यात करंडक नव्हता. हाती पैसा बेताचा होता आणि कूपरेजचे काम चालू असताना ‘घरचे’ सामने पुण्याला बालेवाडीत खेळावे लागत. तरीही त्यांचा संघ एकदाही आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला नाही. बचाव भक्कम ठेवायचा, एखादा गोल करायचा, गुण पदरात पाडायचा. पाहायला रुक्ष, पण तुटपुंज्या पगारात महिना निभावणाऱ्या गृहिणीइतकीच ही कसोटी अवघड. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

मग आले मिझोरमचे ऐझॉल. हा संघ २०१५-१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. जमील तिथे गेले ते मुंबईतले आपले ओळखीचे खेळाडू घेऊन. जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्यांपैकीच. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० ने हरवले. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये शेवटच्या सामन्यात एक बरोबरी पुरेशी होती. सुरुवातीलाच गोल खाल्ला, उत्तरार्धात तो फेडला, सामना १-१ असा सुटला. ऐझॉल ३७ गुण, मोहन बागान ३६! ईशान्य भारतातला संघ प्रथमच राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली आणि पुढे बंदच पडली. महिंद्र युनायटेड २०१० मध्येच बंद झाला होता, आणि एअर इंडियाही २०१३ मध्ये आय-लीगमधून बाहेर गेला. जमील ज्या तीन मुंबईकर संघांत होते, त्यांतला एकही आज देशाच्या वरच्या स्पर्धेत नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्रातली ही सर्वांत बोचरी नोंद आहे.

कोलकात्यात ईस्ट बंगाल आणि मोहन बागान दोघांनीही त्यांना घेतले, पण तिथे ते फार टिकले नाहीत. आयएसएल २०१४ पासून सुरू होती आणि तिथे मुख्य प्रशिक्षक परदेशी असणे हा जणू रिवाजच होता. भारतीय माणूस साहाय्यक किंवा हंगामी. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची हंगामी जबाबदारी मिळताच जमील यांनी साखळीतला उरलेला एकही सामना न गमावता संघाला उपांत्य फेरीत नेले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते आयएसएलमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. पुढचा हंगाम वाईट गेला, संघ दहावा आला. परंतु जमशेदपूरला त्यांनी २०२४-२५ मध्ये पुन्हा उपांत्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी गाठून दिली.

राष्ट्रीय संघातही तोच रिवाज होता. गोव्याचे सावियो मेदेइरा २०१२ मध्ये गेल्यावर डच, इंग्रज, क्रोएशियाचे इगोर स्टिमाच आणि शेवटी स्पेनचे मानोलो मार्केझ असे प्रशिक्षक झाले. १ ऑगस्ट २०२५ रोजी जमील यांची नेमणूक झाली. महिनाभरातच भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ ने हरवले आणि काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला.

आनंद फार टिकला नाही. १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनेही १-० ने हरवले. त्यांच्याकडून भारत हरण्याची ही २२ वर्षांतली पहिली वेळ. परदेशी प्रशिक्षकच बरा, ही कुजबुज तेव्हा पुन्हा सुरू झाली. मात्र पात्रता फेरीची घसरण जमील येण्यापूर्वीच, मार्केझ यांच्या काळात सुरू झाली होती. तेव्हा बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली होती आणि हाँगकाँगकडून पराभव पत्करावा लागला होता.