कुंपणीच्या कारकुनाची चित्रवही

इ. स. १७६५ सालीं लंडनचा एक सोळा वर्षांचा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत कारकून म्हणून मुंबईस येण्यास निघाला. त्याचें नांव जेम्स फोर्ब्स. गुजराथचा इतिहास सांगणाऱ्या 'रासमाला' ग्रंथाचा कर्ता फोर्ब्स तो हा नव्हे; तो पुढच्या शतकांतला. आपला हा फोर्ब्स ना इतिहासकार होता, ना पेशानें चित्रकार. हिशेब आणि पत्रव्यवहार हें त्याचें काम. कुंचला ही त्याची हौस. परंतु ह्या हौसेनें अठराव्या शतकांतील आपल्या पश्चिम किनाऱ्याची पशुपक्ष्यांसह एक नोंद मागें ठेवली आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

फोर्ब्सच्या नोकरीचा क्रम पाहिला, म्हणजे ह्या गृहस्थास चित्रें काढण्यास सवड तरी केव्हां मिळत असेल, असा प्रश्न पडतो. आरंभीं मुंबई, मग त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील अंजेंगोची वखार. १७७५ सालीं राघोबादादांच्या मदतीसाठीं कंपनीनें कर्नल कीटिंगच्या हाताखालीं फौज धाडली, तेव्हां फोर्ब्स कर्नलचा चिटणीस म्हणून तिच्याबरोबर गुजराथेंत उतरला. प्रकृति बिघडल्यामुळें पुढच्या वर्षीं तो विलायतेस गेला. परत आल्यावर त्याची नेमणूक भडोचेस झाली आणि १७८० सालीं तो डभईचा कलेक्टर झाला. सालबाईच्या तहान्वयें १७८३ सालीं डभई मराठ्यांकडे गेली. १७८४ मध्यें त्यानें हिंदुस्थान सोडला. एकंदर सतरा वर्षें तो ह्या देशांत राहिला, आणि जेथें गेला तेथें त्याची चित्रवही बरोबर होती. पक्षी, फुलें, किडे, सर्प, माणसें, जें डोळ्यांसमोर येई तें तो कागदावर उतरवीत असे. त्याची चित्रें व टिपणें मिळून दीडशें मोठे खंड व सुमारें ५२,००० पानें भरलीं. त्यांतूनच निवड करून १८१३ सालापासून चार खंडांत त्याचा 'ओरिएंटल मेमॉयर्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आमच्या बोरीवलीच्या डोंगरांतील कान्हेरीच्या लेण्यांचें वर्णनहि त्यांत आहे. त्या काळीं हा मुलूख साष्टी बेटाचा भाग म्हणून ओळखला जाई. १७७४ च्या अखेरीस तो मराठ्यांकडून इंग्रजांनीं घेतला होता.

राघोबादादांच्या छावणीचेंहि त्यानें सविस्तर वर्णन केलें आहे. मराठी लष्कराचा जीव घोड्यांत. ह्या घोड्यांत भीमथडीचा घोडा नांवाजलेला. भीमेच्या खोऱ्यांतलें हें जनावर अंगानें लहान, पण काटक आणि लांबच्या मजला मारणारें. बारगीराला घोडा सरकारांतून मिळे. शिलेदाराचा घोडा मात्र त्याच्या घरचा असे. लढाईंत तो पडला म्हणजे शिलेदाराची रोजीच बुडाली. तेव्हां आधीं घोड्याचा दाणावैरण आणि खरारा, मग आपली भाकर, ही जी रीत होती ती केवळ मायेची नव्हती, संसाराची होती. अशा हजारों घोड्यांच्या तळावर राहून फोर्ब्सनें ती मोहीम पाहिली. १८ मे १७७५ रोजीं अडासची लढाई झाली, तेव्हां तो फौजेबरोबरच होता.

त्याच्या निरीक्षणाचा एक मासला कोंकणांतल्या घोयऱ्याचा आहे. हा सरड्याच्या जातीचा, हळूहळू पावलें टाकणारा प्राणी त्यानें घरांत ठेवून न्याहाळला. काळ्या रंगाचा त्याला मोठा तिटकारा; खोलींतील काळ्या फळीपासून तो दूर राही, आणि काळी टोपी समोर धरली कीं अंग चोरून सांपळ्यासारखा होई आणि कोळशासारखा काळा पडे. घोयरा ज्यावर बसेल त्याचा रंग घेतो, ही समजूत आपल्याकडेहि आहे. उजेड, ऊन आणि मनाची स्थिति, विशेषतः भय व राग, हींच रंग पालटण्याचीं मुख्य कारणें होत, असें आज शास्त्रज्ञ सांगतात. फोर्ब्सला हें शास्त्र ठाऊक नव्हतें. पण भय आणि रंग यांचें नातें त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं.

पाहणें आणि जाणणें ह्यांतलें अंतरहि त्याच्याच वहींत दिसतें. एका गारुड्याचा नाग त्यानें मेजावर घेतला आणि तासभर तो डोलत असतां त्याचें चित्र काढलें. अंगावरचे ठिपके नीट दिसावे म्हणून मधून मधून त्यानें त्याला हातहि लावला. विषारी दात काढलेले आहेत असा त्याचा समज होता. दुसऱ्या दिवशीं बाजारांतून आलेल्या नोकरानें बातमी आणली कीं, तोच नाग एका तरुण स्त्रीला डसला आणि ती अर्ध्या तासांत मरण पावली. नागाचा दात पाडला तरी त्या जागीं नवा येतो, ही गोष्ट आज शाळेंतल्या मुलालाहि सांगतां येईल. फोर्ब्सनें आपल्या अज्ञानाची ही हकीकत झांकून ठेवली नाहीं, हें त्याच्या लेखणीचें मोल होय.

तिसरी हकीकत भडोचेजवळ नर्मदेंतील कबीरवडाखालची. त्या प्रचंड वडाचें त्यानें काढलेलें चित्र प्रसिद्ध आहे. तेथें शिकारीस गेलेल्या मंडळींपैकीं एकानें एक वानरी मारून तंबूंत आणली. लगेच चाळीसपन्नास वानरांनीं तंबूला गराडा घातला. बंदूक दाखवितांच बाकीचे मागें हटले; त्यांचा म्होरक्या मात्र हलेना. आधीं त्यानें दांत विचकले. मग तंबूच्या दाराशीं येऊन तो केविलवाणा कण्हूं लागला आणि खुणांनीं प्रेत मागूं लागला. तें दिलें तेव्हां त्यानें दोन्ही हातांनीं उचलून आपल्या मंडळींत नेलें. पाहणाऱ्यांनीं वानरावर पुन्हां कधीं बंदूक न चालविण्याचा निश्चय केला.

फोर्ब्स ज्या कंपनीचा चाकर होता ती आपला मुलूख गिळण्यास निघाली होती, हें विसरून त्याचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. आणि हें काम करणारा तो एकटाहि नव्हता. १७९० च्या सुमारास पुण्याच्या गंगाराम तांबटानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडा रेखाटला. त्याची रेघ कोणाही विलायती हौशी चित्रकाराहून उणी नव्हती. परंतु फोर्ब्सच्या मूळ हस्तलिखिताचे तेरा खंड काय आणि गंगारामाचीं चित्रें काय, दोन्ही आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. एक आपल्या मुलखाबद्दलचें, दुसरें आपल्याच माणसाच्या हातचें. पण जपलें दुसऱ्यांनीं. ह्याचें वाईट वाटावें तें परक्यांनीं नेलें म्हणून जितकें, त्याहून अधिक आपण ठेवलें नाहीं म्हणून.

कान्हेरीभोंवतींचें रान आज राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांत अजून बिबळे हिंडतात, चितळ चरतात, आणि त्याच्या कुंपणाला लागून लाखों लोकांची वस्ती आहे. आतां प्रत्येकाच्या हातीं छायाचित्र घेणारें यंत्र आहे आणि पापणी लवते न लवते तों चित्र तयार होतें. परंतु नाग रेखाटावयाचा तर तासभर त्याच्याकडे पाहावें लागतें, आणि जो तासभर पाहतो त्याला प्रश्न पडतात. नोकरी सांभाळून, तापानें आजारी पडून, मोहिमेच्या धुळींत फिरून एका कारकुनानें तेवढी सवड काढली. घरांतल्या मुलाच्या हातीं एक कोरी वही व पेन्सिल देऊन अंगणांतला सरडा, दारांतली साळुंकी काढावयास सांगणें कोणत्याहि गृहस्थास अवघड नाहीं. मात्र ती वही भरल्यावर रद्दींत जाऊं न देणें हें काम वडील मंडळींचें आहे.