एक जास्तीचं भोक

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरात भिंतीतच फडताळ आहे. पणजीने ज्या फळीवर डबे मांडले, त्याच फळीवर आज आईचे डबे आहेत. फळी वर-खाली करायची वेळ कधी आली नाही, कारण त्या घरातली माणसंही जागची हलली नाहीत. फौजीचं तसं नसतं. दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवं घर आणि तेच सामान नव्या जागेत कोंबायची कसरत. मागच्या ठिकाणी ज्या कप्प्यात मुलाची पुस्तकं उभी राहायची, तिथे आता कुकर ठेवायचा असतो. म्हणून सरकत्या फळ्यांचं कपाट हा मला सुताराइतकाच फौजीचाही विषय वाटतो. म्हैसूरला आल्यावर कळलं, की त्या कपाटातल्या भोकांचा इतिहाससुद्धा बराचसा फौजीच आहे.

सध्या मी इथे एनसीसीच्या पोस्टिंगवर आहे. कॅडेट आम्हा पीआय स्टाफला 'उस्ताद' म्हणतात. रोज उस्ताद, उस्ताद ऐकून माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळंच येतं. त्याच तोऱ्यात घरासाठी कपाट स्वतः करायला घेतलं. १८ मिलिमीटरचं प्लाय आणलं, दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर टेपने मोजून खुणा केल्या आणि ड्रिलने भोकं पाडली. पिना बसवल्या, फळी ठेवली, तर ती डुगडुगायला लागली. दुसऱ्या उंचीवर ठेवली, तिथेही तेच.

कारण साधं आहे. तिवई कुठेही ठेवा, ती डुगडुगत नाही, कारण ती तीन पायांवर उभी असते. फळी चार पिनांवर टेकते. त्यातली एक मिलिमीटरभर जरी वर-खाली झाली, तरी फळी तिघींवरच बसते आणि चौथा कोपरा हवेत राहतो. शिवाय मी प्रत्येक भोक आधीच्या भोकापासून मोजत गेलो होतो. त्यामुळे चूक दरवेळी थोडी थोडी साठत गेली. दहाव्या भोकापर्यंत दोन्ही बाजूंचा हिशेब पार वेगळा झाला होता.

मंडी मोहल्ल्यात शिसवीवर जडावकाम करणारे एक म्हातारे मिस्त्री ओळखीचे झाले होते. त्यांना प्लायचा तुकडा दाखवला. त्यांनी भोकांवरून अंगठा फिरवला आणि दखनीत म्हणाले, "साब, नाप हाथ को नक्को देव. फर्मे को देव." माप हाताच्या हवाली करू नका, फर्म्याच्या करा. त्या दिवसापासून माझ्या लेखी म्हैसूरचे खरे उस्ताद तेच.

त्यांच्या या वाक्याचा माग काढत गेलो, तर तो दूरवर निघाला.

म्हैसूरला प्राच्यविद्या संशोधनालय आहे, १८९१ साली सुरू झालेलं. तंजावर भागातल्या एका पंडिताने तिथे ताडपत्रांची एक पोथी आणून दिली. ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०५ साली ती ओळखली. तो कौटिल्याचा अर्थशास्त्र हा ग्रंथ होता. १९०९ साली त्यांनी तो छापून काढला. फौजेत कौटिल्य म्हटलं की सगळ्यांना हेर आणि वेढे आठवतात. त्याच ग्रंथात मापांचाही एक अध्याय आहे. आठ जवांच्या मध्यांची रुंदी म्हणजे एक अंगुळ, किंवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मध्यभागाची रुंदी म्हणजे एक अंगुळ. बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात, चार हातांचा दंड. म्हणजे माप माणसाच्या अंगावरच होतं. पण कौटिल्याला त्यातली अडचणही ठाऊक होती, म्हणून तर त्याने 'मध्यम' पुरुष म्हटलं. सुताराचं बोट जाड निघालं, तर राज्याचं माप बदलून कसं चालेल?

अंगुळ म्हणजे साधारण पाऊण इंच. माझं प्लाय जवळपास तेवढ्याच जाडीचं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हैसूरचं जडावकाम मात्र शेवटपर्यंत हाताचं राहिलं. १८९७ साली राजकन्येच्या लग्नात जुना लाकडी राजवाडा जळाला. हेन्री आयर्विनच्या आराखड्याने १९१२ साली नवा उभा राहिला. त्यातले हस्तिदंत जडवलेले शिसवी दरवाजे पाहिले, की मिस्त्रींचा धंदा कळतो. आकृतीचा तुकडा बारीक करवतीने कापायचा, शिसवीवर ठेवून त्याची कड आखायची आणि नेमकी तेवढीच खाच पटाशीने कोरायची. प्रत्येक खाच एकाच तुकड्यासाठी असते. शेजारचा तुकडा तिथे बसणार नाही. आता हस्तिदंतावर बंदी आहे, तुकडे वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे असतात, पण रीत तीच आहे.

आमच्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलचंही थोडं असंच होतं. बोल्टवर त्याच रायफलचा नंबर कोरलेला असायचा, आणि एकीचा बोल्ट दुसरीला लावायचा नाही, हा पहिला धडा होता. त्याआधीच्या काळात तर बंदुकीचा प्रत्येक पुर्जा कानस मारून त्याच बंदुकीला बसवावा लागे. रणांगणात एक पुर्जा मोडला, की बंदूक लोहाराकडे जायची.

यावर उपाय काढला तो फ्रान्सच्या तोफखान्याच्या आश्रयाने काम करणाऱ्या ऑनोरे ब्लांक या बंदूककाराने. १७८५ साली त्याने पॅरिसमध्ये अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन यांना आपली कार्यशाळा दाखवली. पन्नास बंदुकांचे चाप सुटे करून त्यांचे पुर्जे कप्प्याकप्प्यांत ठेवले होते. जेफरसन यांनी हाताला येतील ते पुर्जे उचलून स्वतः काही चाप जोडले, आणि ते जुळले. हे साधलं, कारण ब्लांकने पुर्जे हाताच्या अंदाजावर न सोडता साचे, फर्मे आणि मापं यांत धरून घडवले होते. बंदुकांच्या कारागिरांना हे रुचलं नाही. उघडच आहे, ज्या हुनरासाठी त्यांना मान होता, तो आता फर्म्यात जाऊन बसत होता.

पुढचा टप्पा लाकडाचा, आणि तोही नौदलाचा. शिडाच्या जहाजाला दोर ओढायला कप्प्या लागतात, मोठ्या लढाऊ जहाजाला हजारभर. इंग्लंडच्या नौदलाला वर्षाला एक लाख कप्प्या हव्या होत्या. पोर्ट्समथच्या गोदीत १८०३ नंतर मार्क ब्रुनेलने आराखडे करून आणि हेन्री मॉडस्लीने घडवून ४५ यंत्रं बसवली. ११० कसबी कारागिरांचं काम १० साधे मजूर करू लागले आणि १८०८ साली तिथे १,३०,००० कप्प्या निघाल्या. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. भोक पाडणारं पहिलं यंत्र लाकडाचा ठोकळा घट्ट पकडायचं, आणि त्या पकडीच्या खुणा ठोकळ्यावर उमटायच्या. पुढची यंत्रं ठोकळा त्याच खुणांवर धरायची. म्हणजे पुन्हा मोजायचंच नाही. पहिली जागा पक्की करायची आणि बाकी सगळं तिच्यावरून घ्यायचं.

कपाटाच्या फळीपर्यंत हे शहाणपण यायला मात्र वेळ लागला. सॅम्युअल पीप्स या इंग्लंडच्या नौदल खात्यातल्या अधिकाऱ्याने १६६६ साली गोदीच्या सुताराकडून पुस्तकांची कपाटं करून घेतली. ती आजही केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात आहेत. पुस्तकं एका रांगेत सारख्या उंचीची दिसावीत म्हणून त्याने बुटक्या पुस्तकांखाली लाकडी ठोकळे बसवले. हा नौदलाचा कारभारी फळी हलवायच्या ऐवजी पुस्तकांनाच टाचा लावत होता!

आज आपल्या मॉड्युलर फर्निचरमध्ये भोकांची जी रांग दिसते, ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीतली. शहरं पडलेली, घरं पुन्हा उभी करायची आणि कपाटं झटपट हवीत. कारखान्यात एका यंत्रावर अनेक बिटं ओळीने लावून एका दमात भोकं पाडू लागले. प्रत्येक बिट फिरवायला दातेरी चाक लागतं, आणि शेजारची दोन बिटं ३२ मिलिमीटरपेक्षा जवळ आणणं त्या यंत्रांत अवघड होतं. तोच आकडा प्रमाण झाला. भोक ५ मिलिमीटरचं, दोन भोकांत अंतर ३२, पुढच्या कडेपासून ३७. कौटिल्याचं माप बोटावरून आलं होतं, हे यंत्राच्या चाकावरून आलं.

मी तेच माप घेतलं. १२ मिलिमीटर प्लायची पट्टी घेऊन मिस्त्रींनी स्वतः तिच्यात दर ३२ मिलिमीटरवर भोकं पाडून दिली. भोकं राउटरच्या तळाला बसणाऱ्या गाइड बुशच्या बाहेरच्या मापाची, म्हणजे बुश त्यात जेमतेम शिरेल आणि हलणार नाही. खालच्या टोकाला आणि पुढच्या कडेला टेकण म्हणून पट्ट्या ठोकल्या. दोन्ही बाजूंच्या फळ्या नेहमी खालच्या टोकावरूनच धरायच्या, असं त्यांनी बजावलं. पट्टीवर 'खाली' असं मोठ्या अक्षरांत लिहूनही घेतलं.

रविवारी गच्चीवर काम काढलं. दहावीतला मुलगा मदतीला होता. पहिली फळी झकास झाली. दुसरी टेबलाच्या बाहेर थोडी डोकावत होती, म्हणून त्याला म्हटलं, "खालून धर." दोन शिकंजे लावायचे, तिथे घाईत एकच लावला. बिट बदललं होतं, पण खोलीचा थांबा आवळला का, हे पाहिलं नाही. राउटर दाबला आणि तो थांब्यावर न थांबता खालीच गेला. बिट एक अंगुळ प्लाय पार करून पलीकडे निघालं. मुलाचा तळवा तिथून दोन बोटं बाजूला होता. त्याला काही कळलंही नाही. तो म्हणाला, "बाबा, आरपार गेलं." मी राउटर बंद केला, प्लग काढला आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो.

फायरिंग रेंजवर मी मुलांना किती वेळा ओरडलो असेन, की नळीसमोर कुणी उभं राहायचं नाही. आणि घरी माझ्याच पोराचा हात मी नळीसमोर धरायला लावला होता. फर्म्याने माप हातातून काढून घेतलं, पण जबाबदारी तो घेत नाही. ब्लांकच्या चापातून उडालेली गोळी कुठे जाते, याला ब्लांकचा फर्मा उत्तर देत नाही, तसंच हे.

तेव्हापासून आमच्या घरी राउटरची कवायत ठरलेली आहे. बिट बदलताना आणि थांबा लावताना प्लग काढलेला. बिट कॉलेटमध्ये पूर्ण खाली टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर घेऊन आवळायचं. थांबा १२ मिलिमीटरवर, आणि आधी त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर एक भोक पाडून खोली तपासायची. फळी पूर्ण टेबलावर, खाली वाया जाईल असा दुसरा पत्रा प्लायचा, आणि फर्म्याला दोन शिकंजे, एकही कमी नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना बंद, नाकाला मास्क. सैल बाही आणि हातमोजे नकोत. बुश भोकात बसवायचा, तळ सपाट टेकवायचा, मोटर सुरू करायची, मगच दाबायचं. बिट वर आल्यावर मोटर बंद करायची आणि ते पूर्ण थांबेपर्यंत राउटर उचलायचा नाही. मदतीच्या माणसाचे दोन्ही हात मला दिसले पाहिजेत. दिसले नाहीत, तर काम बंद.

कपाट झालं. फळ्या कुठल्याही भोकांवर ठेवा, हलत नाहीत. मिस्त्री बघायला आले होते. त्यांनी फळीवर बोटाने टकटक केलं, मान डोलावली आणि मग ते आरपार भोक पाहून विचारलं, "ये क्या, साब?" मी खरं ते सांगितलं. पोटीन भरून देऊ का म्हणाले. मी नको म्हटलं.

पुढच्या पोस्टिंगला कपाट सोबत येईल. फळ्या नव्या घराच्या हिशेबाने वर-खाली होतील. ते एक जास्तीचं भोक मात्र आहे तिथेच राहील.

जय हिंद.